चिंचोक्याची खळ

होटगी,
१६ जून २०२४

चि. दिपाली,

अण्णाचे आशीर्वाद. तुझं पत्र मंगळवारी पोचलं. इकडे सगळे बरे आहेत. आबांचा खोकला उतरला, पण डाव्या डोळ्यालाही आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. ऑपरेशन करून घेऊ म्हटलं तर म्हणतात, धाग्याला डोळा लागत न्हाय, हात लागतो. वहिनी ठीक. मृगाने दोन दिवस चांगलं झोडपलं, तलावात थोडं पाणी आलंय. मेंढरं अजून खालच्या रानातच आहेत.

कारखान्यात एकच पाळी चालते. बावीस मागांपैकी आठ बंद आहेत. जॉबर म्हणून मी एकटाच उरलोय, त्यामुळे कुठलाही माग अडला की पाना घेऊन मीच जायचं. एमआयडीसीतून घरी येईपर्यंत कानात खटखट चालूच राहते. जेवताना वहिनी काही विचारते आणि मी मागाच्या आवाजात बोलावं तसं ओरडून उत्तर देतो. मग ती म्हणते, मी काय तुमचा माग आहे का.

तुझे चार फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. आवाजात ऐकू येत नाही हे खरं आहे. जेवणाच्या सुट्टीत माग बंद असतात, हेही तुला माहीत आहे.

पत्र आबांना वाचून दाखवलं. खाडीच्या चिखलावर अंथरायला इथून विणून पाठवलेल्या चाळीस लोकरी पट्ट्यांपैकी एकतीस अमावास्येच्या उधाणाने उचलल्या, भरतीचं पाणी खालून शिरलं, पट्ट्या शिडासारख्या फुगल्या आणि बांबूच्या खुंट्या घेऊन निघून गेल्या. खाली लावलेली मोरसची रोपं आणि ते खारं गवत मुळासकट उपटलं. मग उघडा पडलेला चिखल चार भरत्यांत वाहून गेला आणि मागचा बांध खचला. ज्या आजींनी तुला आपल्या खाचरापुढची जागा दिली होती, त्यांच्याच भातात खारं पाणी भरलं. आबांनी हे सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "पोरगी रडली का?"

मी म्हटलं, पत्रात काही तसं लिहिलेलं नाही.

तू विचारलंस की लोकरीत काही दोष होता का. समुद्राचं मला काय कळणार? इथून तुझी खाडी चारशे किलोमीटरवर. आम्ही पाणी बघतो ते तलावात, तेही असेल त्या वर्षी. पण एक सांगतो, अहवाल देण्याची घाई करू नकोस. 'विणकरांना काम नीट समजावून सांगण्यात मी कमी पडले' असं तू लिहिणार आहेस म्हणतेस. एवढ्यात लिहू नकोस. थोडे दिवस जाऊ देत.

तब्येत सांभाळ. चिखलात अनवाणी जाऊ नकोस.

तुझा,
अण्णा



होटगी,
८ जुलै २०२४

चि. दिपाली,

आशीर्वाद. पार्सल मिळालं. डबा खाता खाता हे लिहितोय, तेव्हा अक्षराकडे बघू नकोस आणि कागदाला तेलाचा डाग पडला तर वहिनीच्या शेंगाचटणीचा समज.

तू पाठवलेला पट्टीचा तुकडा ओसरीवर उघडला. चिखल वाळून दगड झाला होता, एका कडेला शिंपल्यांचा चुरा होता. घरभर वास सुटला. वहिनीने नाकाला पदर लावला. आबांनी मात्र तुकडा मांडीवर घेतला, नखाने चिखल खरवडला आणि मधल्या भागावरून बोटं फिरवली, मेंढीच्या पाठीवरून फिरवतात तशी. मग म्हणाले, वर पाणी ओत. मी तांब्यातलं पाणी ओतलं. थेंब मण्यांसारखे वरच थांबले आणि घरंगळून फरशीवर गेले. आत एक थेंब शिरला नाही.

आबांनी शेजारच्या सिदूकाकांना हाक मारून बोलावलं. त्यांच्यासमोर पुन्हा पाणी ओतायला लावलं. चाळीसपैकी पंधरा पट्ट्या सिदूकाकांच्या मागावरच्या, त्यामुळे त्यांनाही ते बघायचंच होतं. आबा म्हणाले, "दर्यालाबी फाडता आलं न्हाय की." सिदूकाका म्हणाले, "तुमच्या हातचं हाय आन् दर्या काय फाडतोय." दोघं म्हातारे हसले. आबांना इतक्या मोकळेपणी हसताना मी बऱ्याच दिवसांनी बघितलं.

तेव्हा लोकरीत दोष नाही, एवढं तू खुशाल लिही.

तुझ्या पत्रातलं बाकीचंही वाचलं. १२ ऑगस्टला बैठक आहे, त्यात गवताचं काम बंद करून दगडी बंधारा घालायचं ठरू शकतं, आणि तू राजीनामा लिहून ठेवला आहेस. गावातली माणसं तुला 'घोंगडीवाल्या बाई' म्हणून हाका मारतात, तेही. सात वर्षं ज्यांच्या घरी चहा प्यालीस ते असं म्हणतात याचं मला वाईट वाटलं. राजीनाम्याचं आबांना वाचून दाखवलं नाही.

दगडी बंधाऱ्याबद्दल तू मागे लिहिलं होतंस ते माझ्या लक्षात आहे. दगडावर लाट आपटते आणि शेजारचा काठ कापते. गवतात शिरली की दमते आणि बरोबर आणलेला चिखल तिथेच ठेवून जाते. मला ते पटलं होतं.

आणखी लिहायचं होतं. सुट्टी संपली आणि सहा नंबरचा माग सुरूच होईना, बोलावणं आलंय. उरलेलं नंतर.

अण्णा



होटगी,
२८ जुलै २०२४

चि. दिपाली,

आशीर्वाद.

गेल्या पत्रात 'राजीनाम्याचं आबांना वाचून दाखवलं नाही' असं लिहिलं. ते लिहून पाकीट चिकटवलं, आणि पोस्टातून कारखान्यात परत येताना त्या एका वाक्याने माझा पाय अडला. मी हे पूर्वी एकदा केलं आहे. तेव्हा तुला कळवलं नाही.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू 'असू दे अण्णा' म्हणाली असतीस आणि मी लगेच असू दिलं असतं. मला माझा स्वभाव माहीत आहे. आणि तुला बैठकीत दाखवायला कागद लागेल.

तुझं गेल्या नोव्हेंबरचं पत्र आठव. चाळीस पट्ट्यांचं काम कळवलेलं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली चार पानं. मेंढरांची दिवाळीची कातरणी होऊन गेली होती आणि लोकरीची पोती बांधावर पडून होती, कारण आता ती कुणी नेत नाही. आबांचा माग तीन वर्षं बंद होता. मागाच्या खड्ड्यात वहिनी कांदे ठेवायची. त्या दिवशी मी ओसरीवर बसून वाचायला लागलो आणि आबा समोर गुडघे जवळ घेऊन बसले. पहिल्या पानाला त्यांनी उठून कांद्यांकडे बघितलं. दुसऱ्या पानावर तू लिहिलं होतंस की पट्ट्या चिखलावर अंथरायच्या, गवताची मुळं धरेपर्यंत दोन पावसाळे त्यांनी चिखल धरून ठेवायचा, आणि मग त्या कुजून मातीत जायच्या.

आबा म्हणाले, "कुजायसाटी इनायचं?"

मी मान वर केली. त्यांचा चेहरा पडला होता. त्यांच्या हातची घोंगडी नातवंडांच्या लग्नापर्यंत चालतात, हे त्यांनी आपल्याला किती वेळा सांगितलंय. तरी ते लगेच म्हणाले, "बरं, पोरगी म्हंती तर. फुडं वाच."

पुढे तू लिहिलं होतंस:

'अण्णा, सगळ्यात महत्त्वाचं हे, की ताण्याला खळ अजिबात लावू नका आणि वीण नेहमीच्या निम्म्याने सैल ठेवा. पाणी आणि चिखल पट्टीतून आरपार जायला हवा, नाहीतर भरती तिला उचलून नेईल.'

ही ओळ मी वाचली नाही. पान उलटलं आणि 'लांबी दहा हात, रुंदी दोन हात' तिथून पुढे वाचलं.

का, ते सांगतो. सगळं सांगतो, म्हणजे मला मागाहून सोयीचं तेवढंच आठवायला नको. पहिलं कारण आबा. कुजण्यासाठी विणा, हे त्यांनी गिळलं होतं. त्यावर लगेच सैल विणा, खळ लावू नका, म्हणजे ज्या दोन गोष्टींसाठी त्यांनी लहानपणी माझ्या बोटांवर धोटा मारला त्याच आता करा, हे माझ्या तोंडून निघेना. दुसरं कारण मी स्वतः. मनात आलं की ही कार्यालयात बसणारी, हिला विणण्यातलं काय कळतं. घट्ट विणलेलं कधी वाईट असतं का? मजबूत असेल ते टिकेलच. तू शिकायला गेलीस, नोकरी धरलीस, आणि आबांचे डोळे, मेंढरं, कारखाना हे इथे माझ्याकडे राहिलं, याचा राग त्या पान उलटण्यात थोडा होता. फार नव्हता. पण नव्हताच असं लिहिलं तर हा कागद पुन्हा खोटा होईल.

मला समजलं नाही असं म्हणायची सोयही नाही. मी टॉवेलच्या कारखान्यात बावीस वर्षं आहे. मागावरून उतरलेला कोरा टॉवेल पाणी पीत नाही, सुताची कांजी धुऊन काढल्यावरच पितो, हे मी नव्या कामगाराला पहिल्या दिवशी सांगतो. टॉवेलची सगळी किंमत पाणी पिण्यात आणि घोंगड्याची न पिण्यात. दोन्ही धंदे मला येतात. या घरात ती ओळ जर कुणाला समजण्यासारखी होती, तर ती मलाच होती.

मग आबांनी चिंचोके भाजले, भिजवले, वाटले आणि शिजवले. पूर्ण हिवाळा अंगणात खळीचा वास होता. उभ्या धाग्यांचा ताणा ओढून ते कुंच्याने खळ लावत होते आणि मी येता-जाता बघत होतो. चार महिने, रोज. एकदा सिदूकाका म्हणाले, कुजायचंच हाय तर एवढी खळ कशाला? आबा म्हणाले, "लेकीच्या गावाला जानार हाय. तितं कुनी म्हनाया नको, हिच्या बापाला इनता येत न्हाय." मी तेव्हा गाडी पुसत होतो. ऐकलं आणि पुसत राहिलो.

पट्ट्या ट्रकमधून तुझ्याकडे पोचल्या तेव्हा तुझा फोन आला होता, की जरा कडक वाटतायत. मी म्हटलं, नवी लोकर आहे, पाण्यात मऊ होईल. पाऊस तोंडावर होता, रोपं तयार होती, आणि तू माझ्यावर विश्वास ठेवलास.

तेव्हा दिपाली, तू समजावण्यात कुठेही कमी पडली नाहीस. तू एका ओळीत, सगळ्यात महत्त्वाचं असं लिहून समजावलं होतंस. तुझं मूळ पत्र आबांच्या ट्रंकेत होतं, ते सोबत पाठवतोय. तिसऱ्या पानावर, अगदी तळाशी.

आता आबांचं.

मागच्या रविवारी मी ते पत्र ट्रंकेतून काढलं आणि त्यांना म्हटलं, पुन्हा वाचतो, सगळं. त्या ओळीशी आलो तेव्हा मी न थांबता वाचली. वाचून झाल्यावर म्हटलं, आबा, ही मी त्या वेळी गाळली होती. पट्ट्या तुमच्यामुळे नाही गेल्या, माझ्यामुळे गेल्या.

बराच वेळ ते सुताचा गुंडा हातात फिरवत बसले. मला वाटलं, आता खळीबद्दल बोलतील, नाहीतर दर्याबद्दल. ते म्हणाले,

"तू थांबला व्हतास. त्या दिशी वाचताना. पान उलटल्याचा आवाज मला आला की."

मी पत्र मांडीवर ठेवलं.

"मला वाटलं, पोरीनं माज्याबद्दल काय वाईट लिवलंय. शिकाया जाताना मी तिला बोललो व्हतो, ते काडलं आसंल. म्हनून तू गाळलंस. आट म्हयने तेच घिऊन बसलोय बग."

तेच पुढे म्हणाले, "त्येच्यापरास खळ नगं म्हनलेलं बरं व्हतं की, कुमार."

एवढंच. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. ते तुला जाताना काय बोलले होते हे मी विसरलो होतो. तूही विसरली असशील. ते विसरले नव्हते. त्यांना वाईट वाटू नये म्हणून जी ओळ मी लपवली, त्या ओळीच्या जागी त्यांनी आठ महिने त्याहून वाईट ओळ वाचली. एवढी घट्ट वीण, एवढी खळ, कुणाची समजूत काढायला होती ते मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून आलो तर आबा मागाच्या खड्ड्यात उतरलेले. कोरा ताणा लावलेला, खळीशिवाय. धागे एकमेकांना चिकटत होते, तुटत होते, आणि फणीचा ठोका पडला की सवयीने तो पूर्णच पडत होता. मग ते स्वतःशीच शिवी देऊन थोडं उसवायचे आणि पुन्हा हलका ठोका द्यायचे. मला म्हणाले, वाईट इनायला लई कष्ट पडत्यात. हातभर विणायला पाच दिवस लागले. बोटाच्या पेराएवढ्या जागेत ते एरवी चौदा धागे बसवतात, यात सहा आहेत.

तो तुकडा मी तपासला. घमेल्यात तलावाचा गाळ आणि मूठभर मीठ कालवलं आणि वर तुकडा टाकला. पाणी प्याला, जड झाला आणि बसला. मी घमेलं हलवत राहिलो, वरचं गढूळ पाणी त्यातून खाली जात राहिलं. तासाभराने उचलला तर धाग्यांमध्ये गाळ अडकून राहिला होता. घमेल्यातली लाट म्हणजे समुद्र नव्हे, हे मला कळतं. पण पहिल्या पट्ट्या अशा असत्या तर काय झालं असतं हे कुणालाच माहीत नाही, एवढं तरी बैठकीत सांगता येईल. तुझी पद्धत फसली असं ठरवण्याआधी ती एकदा करून तर बघायला हवी. आजवर ती कुणी केलेलीच नाही.

हा तुकडा आणि तू पाठवलेला जुना तुकडा, दोन्ही सोबत आहेत. बैठकीत दोन्हीवर पाणी ओतून दाखव. बोलावं लागणार नाही.

आबांचं म्हणणं असं की, खळ आपण, म्हणजे सिद्धाप्पा बंडगरने, लावली असं कागदावर लिहावं, म्हाताऱ्याला कोण काय म्हणणार आहे. मी ते लिहिणार नाही. सिदूकाकांनाही मी सांगितलं. ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत, आता माग झाडून ठेवलाय आणि विचारतात, पुन्हा काम निघणार का. मी म्हटलं, ते बारा तारखेला कळेल.

राजीनामा फाड असं मी सांगणार नाही, तो अधिकार मी घालवला. कागद तुझ्या हातात दिला आहे, काय करायचं ते तू ठरव. त्या आजींना मात्र सांग. माझं नाव घेऊन सांग. त्यांच्या खाचरातलं मीठ माझ्या पत्राने उतरणार नाही, दोन-तीन पावसाळे तरी जातील म्हणतेस. शिव्या दिल्या तर त्या मला पोचव. आबांना दिसत नाही, मला दिसतं, तेव्हा मी पुढच्या महिन्यात चार दिवसांची रजा टाकून येतो. बांधावर माती टाकायला माणूस लागतच असेल.

थकलोय. कामाने नाही. लपवायला रोज जे बळ लागत होतं ते आता लागत नाही, आणि त्या जागी नुसता थकवा उरलाय. तो चालेल.

एक निरोप राहिला. काल आबा म्हणाले, यापुढं पोरीची पत्रं कुमारनं वाचायची न्हाईत, सूनबाईनं वाचायची. वहिनी सातवी शिकलेली, एकेका शब्दाखाली बोट धरून वाचते. एक पान संपायला अर्धा तास लागतो. पण तिच्या बोटाखालून ओळ सुटत नाही. तेव्हा पत्र तिच्या नावाने पाठव आणि अक्षर थोडं मोठं काढ. आबांना जे सांगायचं असेल ते मोकळं लिही. मी ओसरीच्या कडेला बसून ऐकेन.

सही पूर्ण नावाने करतोय, कारण ती तुझ्याशिवाय इतरांनाही वाचायची आहे.

कुमार सिद्धाप्पा बंडगर,
जॉबर